खोक्यातला पुकारा

त्या इमारतीला गावात कुणी कचेरी म्हणत नसे. खोकं म्हणत. स्टँडवर उतरलेला माणूस रिक्षावाल्याला 'खोक्याला सोड' म्हणायचा आणि रिक्षावाला बरोबर दारात सोडायचा. सरकारने दिलेलं लांबलचक नाव पाटीवर होतं, ते पाटीवरच राहिलं. माझ्या जन्माआधी मुंबईच्या कुणा वास्तुरचनाकाराने ती इमारत आखली होती. कमान नाही, घुमट नाही, कौलं नाहीत. सरळसोट सिमेंटचे मजले, ऊन अडवायला बाहेरून उभ्या सिमेंटच्या पट्ट्या, भिंतींना जाळ्या आणि पोटात आभाळाला उघडा असा मोठा चौक. चौकाच्या चारी बाजूंनी प्रत्येक मजल्यावर व्हरांडा. पावसाळ्यात चौकात तळं व्हायचं आणि खेड्यातून आलेली माणसं छत्री मिटत म्हणायची, बांधणारा वर पत्रा घालायचा इसरला काय की.

माझे वडील त्या खोक्यात शिपाई होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. तसे शिपाई पुष्कळ होते, पण पुकारा आण्णांचा होता. पहिल्या मजल्यावर साहेबांपुढे जमिनीच्या तक्रारींची सुनावणी चालायची आणि पक्षकार खाली चौकात, जिन्याखाली, जाळीच्या सावलीत फडकी पसरून बसलेले असायचे. पाळी आली की आण्णा व्हरांड्याच्या कठड्याशी यायचे, एक हात सिमेंटवर ठेवायचे आणि पूर्ण नाव घेऊन हाक द्यायचे, 'हाजीर हो'. अशी तीनदा. तिसऱ्या हाकेलाही कुणी उठलं नाही तर तो गैरहजर, आणि त्याचं म्हणणं न ऐकताच प्रकरण निकालात. चौक असा होता की नाव खाली पडायचं, भिंतींना लागून वर यायचं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या टंकलेखिकेलाही कळायचं की आज शिरोळकडचं कोण आलंय. लाउडस्पीकर कधी लागला नाही. आण्णा होते की.

गंमत म्हणजे हा माणूस घरी कुजबुजल्यासारखा बोलायचा. संध्याकाळी आले की मीठ-हळदीच्या पाण्याने गुळण्या, मग ज्येष्ठमधाची काडी गालात, आणि गप्प. आम्ही भावंडं भांडलो तरी नुसते बघायचे. शेजारच्या काकू आईला म्हणायच्या, तुमचे हे घरात हायत का न्हाय तेच कळत न्हाय. आई म्हणायची, त्यांचा आवाज सरकारजमा हाय.

आईला आम्ही अव्वा म्हणायचो. ती जयसिंगपूरच्या पलीकडची, माहेर ऊसवाल्या शेतकऱ्यांचं, दोन्ही भाषा तोंडात. हिशोब कानडीत, भांडण मराठीत. आणि त्या दोघांमध्ये नावाचा व्यवहार नव्हता. ती त्यांना 'अवो' म्हणायची, ते तिला 'अगं' नाहीतर 'कुठं हाईस'. त्या पिढीत नवरा-बायकोने एकमेकांचं नाव घ्यायचं ते लग्नात, पूजेत, पाच जणी हटून बसल्या की, आणि तेही उखाण्यात गुंडाळून. मी हसायचे त्यांना. माझा नवरा मला नावानेच हाक मारायचा, तीही बसल्या जागेवरून चहा मागायला, त्यामुळे त्यात काही विशेष असतं हे मला ठाऊक नव्हतं.

मी तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेतली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागले. दोनेक वर्षांनी खोक्याच्या दुरुस्तीचं आणि वाढीचं काम निघालं आणि ते माझ्या वाट्याला आलं. मागच्या अंगाला नवी तीनमजली बाजू बांधून ती जुन्या व्हरांड्याला जोडायची, गळक्या गच्चीचं काम करायचं, आणि सगळ्यात शेवटी चौकावर छप्पर घालायचं. मी पहिल्या दिवशी नकाशाची गुंडाळी घेऊन आत शिरले तर आण्णा गणवेशात दाराशी उभे. मला म्हणाले, या मॅडम. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी थेट गच्चीवर गेले. पुढे सवय झाली. खोक्यात मॅडम, घरी बाळ. एकदा सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडून 'बाळ, डबा खाल्लास का' निघालं आणि आस्थापना शाखेने ते वर्षभर पुरवून पुरवून वापरलं.

काम सोपं नव्हतं. जुनं काँक्रीट फोडून त्यातली सळई उघडी करायची आणि नव्याची सळई तिला गुंफायची. जुनी सळई साधी गोल, नवी पिळाची. जुनं काँक्रीट तर फुटता फुटेना. छिन्न्या बोथट व्हायच्या आणि कर्नाटकातून आलेले मजूर कपाळाचा घाम पुसत म्हणायचे, म्हातारं लई चिवट हाय. मला त्याचा उगाच अभिमान वाटायचा. तोडायला आलेली मीच, आणि तुटत नाही म्हणून खूश होणारीही मीच. वरिष्ठांना हे सांगायची सोय नव्हती.

त्याच वर्षी अव्वाचं प्रकरण खोक्यात आलं.

माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, आधल्या वर्षी वारले होते. दर भाऊबीजेला मामा नृसिंहवाडीचे पेढे घेऊन आमच्याकडे यायचे. त्या वर्षी कुणी फिरकलं नाही. अव्वाला वास आला. ती एसटीने माहेरी गेली, चावडीतून जमिनीचा उतारा काढून आणला आणि माझ्यापुढे धरला.

"ह्यात मी कुठं हाय बघ."

मी बघितलं. वारस म्हणून तिन्ही मामांची नावं होती. तिचं नव्हतं. तसं सांगितलं.

"म्हंजे माझ्या बापाला मी झालेच न्हाय व्हय?"

तिला ऊस नको होता. तिने मामांना निरोप पाठवला, ऊस तुम्हीच पिकवा, तुम्हीच घाला कारखान्याला, पण नाव लावा. मामांचं उत्तर आलं की चोळी-बांगडीला कधी कमी केलंय का, मग हे काय नवीन. त्यावर ती रात्रभर कानडीत पुटपुटली आणि सकाळी तक्रार द्यायची म्हणाली. खालच्या कचेरीत निकाल विरुद्ध गेला. मग अपील आमच्या खोक्यात आलं. मी वकील बघते म्हटलं. तर म्हणाली, माझ्या बापाचं नाव सांगायला वकील कशाला लागतोय? ती हट्टाला पेटली की तिच्यापुढे कुणाचं चालत नसे. माझ्यात जे काही आहे ते तिच्याकडूनच आलंय.

म्हणजे सगळं तिच्या हजर राहण्यावर होतं. नाव पुकारलं की वर जायचं आणि आपलं म्हणणं मांडायचं. नाही गेली तर अपील तिथंच संपलं, आणि आजोबांच्या लेकरांत ती कायमची नाही.

तारखेच्या दोन दिवस आधी मी माहेरी जेवायला होते, तेव्हा आण्णा हळूच म्हणाले की त्या दिवशीचा पुकारा त्यांनी दुसऱ्या शाखेच्या शिपायाला दिलाय. मला वाटलं, प्रकरण घरचं म्हणून लोक बोलतील, त्यासाठी असेल. तेही होतं. पण ते खरं कारण नव्हतं.

"तिचं नाव मी कसं घिऊ, बाळ?"

मी भडकले. आयुष्यभर अख्ख्या जिल्ह्याची नावं घेतली, चोराची घेतली, सावकाराची घेतली, आणि एका बाईचं जड झालं? सरकारी काम आहे, नाव तुम्ही घेत नाही, सरकार घेतंय, असं बरंच काही मी ऐकवलं.

"तोंड माझंच हाय न्हवं," आण्णा म्हणाले आणि ताक ओतून घेतलं.

अव्वा चुलीपाशी पाठमोरी भाकरी थापत होती. तिला राग आला असेल असं मला वाटलं. ती म्हणाली, लग्नात घेतलंतं म्हनं एकदा, पर बेंडबाजा वाजत हुता, कुणाला ऐकू आलं न्हाय. आणि भाकरी उलटली. तिच्या आवाजात तक्रार होती की चेष्टा, ते मला कळलं नाही.

आता माझ्याकडची गोष्ट. नव्या बाजूच्या पहिल्या मजल्याचा स्लॅब खरं तर रविवारी व्हायचा होता, कचेरी बंद असताना. सिमेंटचा ट्रक उशिरा आला, मग पाण्याचा टँकर, आणि सरकत सरकत स्लॅब येऊन पडला तो नेमका सुनावणीच्या दिवशी. मी वरिष्ठांकडे जाऊन आले. मजूर थांबलेत, सळई बांधून तयार आहे, पावसाचा भरवसा नाही, असं म्हणून त्यांनी मला परत पाठवलं. त्यांचंही बरोबर होतं. मागच्या बाजूला मिक्सर उभा करायला जागा नव्हती, म्हणून तो उभा केला होता चौकात.

ज्यांनी स्लॅबचा दिवस पाहिला नाही त्यांना सांगते, त्या दिवशी देवाचंही ऐकू येत नाही. मिक्सरमध्ये खडी आदळत असते, वर काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर भणाणत असतो, बायांची रांग घमेली वर देत असते आणि मुकादम सगळ्यांवर ओरडत असतो. एकदा सुरू झालं की सहसा थांबवत नाहीत. दहा-पंधरा मिनिटं थांबलं तर काही बिघडत नाही, मला माहीत होतं. पण अव्वाची पाळी कधी येणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि प्रत्येक हाकेला मिक्सर बंद करत बसले असते तर स्लॅब दुसऱ्या दिवशीही संपला नसता.

अव्वा सकाळीच आली. ठेवणीतलं इरकल नेसून, पिशवीत भाकरी बांधून. तिन्ही मामाही आले होते, ते खांबाशी उभे राहिले. ती त्यांच्याकडे न बघता जिन्याखाली जाऊन बसली. तो जिना खोक्यातली सगळ्यात देखणी गोष्ट. खालून आधार नाही, भिंतीतून नुसत्या पायऱ्या निघालेल्या. मी तिला कानात सांगितलं, लक्ष वर ठेव. ती म्हणाली, तू तुझं काम बघ.

नारळ फोडून स्लॅब सुरू झाला. बदली शिपाई कठड्याशी आला, त्याने तोंड हलवलं आणि आत गेला. खाली कुणालाच काही कळलं नाही. पुन्हा आला, पुन्हा तोंड हलवलं. थोड्या वेळाने हातकणंगल्याचा एक म्हातारा जिन्यावरून भांडत वर गेला. तो मिक्सरपासून हाताच्या अंतरावर सकाळपासून बसून होता आणि त्याला गैरहजर दाखवलं होतं. त्याचा आवाज मात्र सगळ्यांना ऐकू आला. साहेब समजूतदार होते. त्यांनी त्याचं प्रकरण पुन्हा सुनावणीला घेतलं आणि सांगितलं की हे चालायचं नाही, नेहमीच्या माणसाला उभा करा.

आण्णा कठड्याशी आले. मी मिक्सरपाशी उभी, हातात छत्री आणि खडूची पेटी, आणि माझं सगळं लक्ष वर. त्यांनी एका प्रकरणाचा पुकारा दिला, मग दुसऱ्याचा दिला, पक्षकार उठून गेले. मिक्सर चालू असतानाही माणसं उठत होती. मला जरा धीर आला. मग बराच वेळ कुणी आलं नाही. मग आण्णा परत आले आणि नुसते उभे राहिले.

ते कधीच असे उभे राहत नसत. आले की हाक, असा खाक्या. आता एक हात कठड्यावर, दुसऱ्या हाताने टोपी नीट केली, पुन्हा नीट केली. मला कळलं. मी मिक्सरवाल्याला हात करायला लागले, तो दुसरीकडे बघत होता. तेवढ्यात आण्णांचं तोंड उघडलं. मी मिक्सरच्या इतकी जवळ होते की मला अक्षरही ऐकू आलं नाही. फक्त त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसल्या.

अव्वा जागची हलली नाही.

मी धावत जाऊन मिक्सरवाल्याच्या दंडाला धरलं. मिक्सर घरघरत थांबला. व्हायब्रेटरवालाही थांबला. बायका घमेली डोक्यावर घेऊन जिथल्या तिथं उभ्या राहिल्या. आणि त्या शांततेत आण्णांनी दुसऱ्यांदा नाव घेतलं. तिचं नाव, मधे त्यांचं स्वतःचं, मग आमचं आडनाव. ते नाव चौकात पडलं, भिंतींना लागलं आणि तिन्ही मजल्यांवरून फिरून खाली आलं. मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते ऐकलं. माझे डोळे भरून आले, आणि मुकादम माझ्याकडे बघतोय म्हणून मी छत्री उघडली.

व्हरांड्यांतून कारकून बाहेर आले होते. बाई कोण ते सगळ्यांना माहीत होतं.

अव्वा अजून बसलेलीच. पदर डोक्यावर, हात मांडीत, नजर खाली. मला वाटलं, ही घाबरली, हिला कळलंच नाही. मी तिच्याकडे निघालेही. वरून तिसरी हाक आली, आधीच्यापेक्षा हळू, पण स्पष्ट. तेव्हा ती उठली. पदर सारखा केला, पिशवी घेतली आणि त्या अधांतरी जिन्यावरून सावकाश वर गेली. दाराशी आण्णा बाजूला झाले आणि सगळ्या पक्षकारांना म्हणायचे तसंच तिला म्हणाले, आत जावा. मागून कुणीतरी म्हणालं की आता उखाणाही होऊन जाऊ दे, आणि सगळा व्हरांडा हसला. आण्णांचे कान लाल झालेले मला खालून दिसले.

आत काय झालं ते नंतर कारकुनाने सांगितलं. साहेबांनी विचारलं, तुमचं म्हणणं काय. ती म्हणाली, माझ्या बापाला चार लेकरं, त्यातली मी थोरली. तिने एवढंच सांगितलं आणि मामांकडे बघितलं. मधल्या मामांनी मान खाली घातली. काही महिन्यांनी निकाल लागला आणि तिचं नाव उताऱ्यावर चढलं, तेही पहिलं. पुढच्या भाऊबीजेला पेढे आले, खोकंभर. ऊस अजून मामाच पिकवतात.

स्लॅब चांगला झाला. मुकादम दिवसभर माझ्यावर फुगून होता, पण साच्याच्या फळ्या काढल्या तेव्हा खालून एक ओरखडाही नव्हता. ही गोष्ट मी पुढे पुष्कळ ठिकाणी सांगितली. खात्यात, लग्नकार्यात, नव्या पोरांना स्लॅबचं वेळापत्रक समजावताना. सांगताना मी नेहमी म्हणायचे की मिक्सरच्या आवाजात आईला पहिला पुकारा ऐकूच आला नाही, दुसरा कळला नाही, थोडक्यात वाचलो.

आण्णा निवृत्त झाले आणि त्यानंतर चौकावर छप्पर चढलं. तेही माझ्याच हातून. दुधी रंगाचे, उजेड आत सोडणारे पत्रे. पाऊस यायचा थांबला. खाली खुर्च्या आल्या, फरशी चकचकीत झाली, उभ्या पट्ट्यांना रंग लागला. पत्र्याखाली आवाज घुमायला लागला, म्हणून आधी लाउडस्पीकर लावला आणि मग नावं पुकारणंच बंद झालं. दारात चिठ्ठी मिळते, चिठ्ठीवर आकडा, आणि भिंतीवरच्या फलकावर तो आकडा लाल दिव्यांत येतो. खेड्यातली माणसं आता कोरडी बसतात, हे मला बरं वाटतं. वाईटही वाटतं. दोन्ही खरं आहे.

नव्या बाजूला निवृत्तिवेतनाची शाखा गेली. दर नोव्हेंबरात आण्णांना तिथे हयातीचा दाखला द्यायला जावं लागे. एका वर्षी मी सोबत गेले, अव्वाही आली, तिला नवीन खोकं बघायचं होतं. आम्ही तिघं खुर्च्यांवर बसलो, आण्णांच्या हातात आकड्याची चिठ्ठी. त्यांना ते पसंत नव्हतं. म्हणाले, माणसाला नाव हाय का न्हाय काय. शेजारी एक तरुण जोडपं होतं, त्यातल्या मुलीने विचारलं की पूर्वी इथं कसं असायचं. मला तेवढंच पाहिजे होतं. मी तिला सगळं सांगितलं, मिक्सर, स्लॅब, टोपी नीट करणारे आण्णा, आणि नेहमीसारखंच म्हटलं की आईला पहिले दोन ऐकूच आले नाहीत.

"कुणाला?" अव्वा म्हणाली. "पैल्यालाच ऐकू आलतं."

एवढी वर्षं ती ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकत आली होती आणि कधी मधे बोलली नव्हती.

"मग उठली का नाहीस? तिसरा चुकला असता तर?"

"त्यो कसा चुकंल? आवाज वळखीचा हुता की."

"मग?"

तिने पदर सारखा केला. आण्णांकडे बघितलं नाही.

"ऐकत बसलेते," ती म्हणाली.

आण्णा चिठ्ठीकडे बघत होते. त्यांनी ती उलटी केली, सरळ केली, घडी घातली. मग खुर्चीच्या हातावर अव्वाचा हात होता, त्याच्या शेजारी त्यांनी आपला ठेवला. फलकावर त्यांचा आकडा कधी आला आणि कधी गेला ते आम्हा तिघांतल्या कुणीच बघितलं नाही, आणि मला उठून पुन्हा दारात चिठ्ठी आणायला जावं लागलं.